काम वाढलं, पगाराचं कधी बोलायचं?

"मॅडम, आत्ताच बोलू की एप्रिलपर्यंत थांबू?"

हा प्रश्न माझ्याकडे वर्षभर येतो, पण सहसा तिसऱ्या-चौथ्या भेटीत. पगारवाढीसाठी कोणी समुपदेशकाकडे येत नाही. माणसं येतात ती झोप उडाली म्हणून, घरी चिडचिड होते म्हणून. खोदत गेलं की खाली हेच सापडतं: काम दुप्पट झालंय, पगार तोच आहे, आणि साहेबांना हे दिसत कसं नाही?

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक गोष्ट सांगते. वय 31, भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात परचेसला सीनिअर एक्झिक्युटिव्ह. ऑगस्टमध्ये तिचे वरिष्ठ नोकरी सोडून गेले. "नवा माणूस मिळेपर्यंत जरा बघून घे," असं म्हणत साहेबांनी त्यांचे सगळे सप्लायर तिच्याकडे दिले. ती माझ्याकडे आली तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता आणि ते 'जरा' अजून चालूच होतं. रात्री साडेनऊला घरी पोचायचं, मुलगा झोपलेला असायचा.

"मग अजून बोलला का नाहीत?"

ती गळ्यातल्या आयकार्डाची पट्टी बोटाला गुंडाळत राहिली. म्हणाली, "हात पसरल्यासारखं वाटतं. चांगलं काम केलं तर न मागता मिळायला हवं ना?"

मी तिला विचारलं, तुमच्या घरी पगार कसा वाढायचा? वडील पिंपरीच्या एका कारखान्यात कामगार होते. दर तीन वर्षांनी युनियनचा करार व्हायचा. करार झाला की घरी पेढे यायचे, फरकाच्या रकमेतून फ्रिज आला होता. "मग करारासाठी मागणीपत्र द्यायचे, तेव्हा बाबांना हात पसरल्यासारखं वाटायचं का?" ती थांबली. म्हणाली, "बाबा तर गेट मीटिंगला पुढे उभे राहून घोषणा द्यायचे."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पिंपरी-चिंचवडमध्ये अशी अनेक घरं मी पाहिली आहेत. आईवडील कामगार, मुलं 'स्टाफ'. वडिलांच्या वतीनं युनियन मागत होती, त्यामुळे एकट्यानं दार ठोठावून पगाराचं बोलायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. मुलांनी मग ते कोणाचं पाहून शिकायचं? सरकारी खात्यात अतिरिक्त कार्यभाराचा निदान लेखी आदेश निघतो, त्याच्या जादा वेतनाचे नियम आहेत. खासगी नोकरीत तोंडी 'बघून घे' एवढंच असतं. तिथे मागणं हा कमीपणा नाही, मागण्याची दुसरी सोयच तिथे नाही.

आता 'कधी'बद्दल. माझं मत स्पष्ट आहे. सगळ्यात चांगला दिवस म्हणजे काम अंगावर आलं तो दिवस. तेव्हा आकडा मागायचा नाही. एवढंच विचारायचं: हे तात्पुरतं आहे की कायमचं, आणि कायमचं असेल तर पदाचं आणि पगाराचं कधी बोलायचं? तो दिवस हुकला असेल, बहुतेकांचा हुकतोच, तर तीन-चार महिने काम नीट निभावल्यावर. त्याआधी बोललात तर दाखवायला हातात काही नसतं, आणि वर्ष काढलंत तर ते जादा काम तुमचं नेहमीचं काम होऊन बसतं. सहकारी बाळंतपणाच्या रजेवर आहे म्हणून काम आलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे कायम वाढीऐवजी तेवढ्या महिन्यांचा भत्ता मागणं रास्त.

एप्रिलची वाट पाहण्यात एक घोटाळा आहे. बहुतेक कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च, आणि पुढच्या वर्षाच्या पगाराचा अंदाज खातेप्रमुखांकडून बऱ्याच ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीतच मागवतात. इन्क्रिमेंटचं पत्र हातात पडतं तेव्हा आकडा कधीच ठरलेला असतो. म्हणून तिला म्हटलं, जानेवारीचा दुसरा आठवडा धरा. तोवर महिना-दीड महिना तयारीला आहे.

तयारी म्हणजे आधी बोलून पाहणं. मी साहेब झाले. तिनं सुरुवात केली, "सॉरी सर, वेळ असेल तर..." आणि पुढची चार मिनिटं घराचा हप्ता, मुलाची फी, सासूबाईंचं आजारपण. सगळं खरं होतं. पण घरची अडचण सांगितली की साहेबाला दया येते, आणि दया आली की तो ॲडव्हान्स देतो, पगार वाढवत नाही. "हे सगळं बाजूला ठेवा. तुम्ही चार महिन्यांत काय सांभाळलंत ते सांगा." तर म्हणाली, "विशेष काही नाही, रोजचंच."

मग तिला वही करायला लावली. पुढच्या भेटीत ती वही घेऊन आली, निळ्या पेनानं भरलेली तीन पानं. आधी 14 सप्लायर, आता 37. दिवाळीच्या आठवड्यात एका सप्लायरचा माल अडकला, तेव्हा तिनं दुसरीकडून उचलून लाइन थांबू दिली नव्हती. आणि एक ओळ तिनं अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिली होती: छोट्या सप्लायरांची बिलं वेळेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांत, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत दिले नाहीत आणि वर्ष उलटलं, तर तो खर्च आयकरात त्या वर्षी वजा मिळत नाही. त्या तारखा ती एकटी सांभाळत होती. "ही ओळ सगळ्यात वर घ्या," म्हटलं.

आकड्याचंही बोललो. तिच्या कंपनीत कंपनीचा पीएफमधला वाटा आणि ग्रॅच्युइटी सीटीसीतच, म्हणजे कंपनीला एका माणसामागे येणाऱ्या एकूण वार्षिक खर्चातच, धरत. तेव्हा वाढ सीटीसीत किती आणि हातात किती, हे वेगवेगळं विचारायचं. आणि फक्त पैशावर अडायचं नाही, पदनामही मागायचं, कारण उद्या दुसरीकडे जाताना तेच बोलतं.

जानेवारीत ती बोलली. साहेब म्हणाले, "अगं, तू काही बोलली नाहीस, मला वाटलं तुझं जमतंय." या वाक्याचा तिला राग आला, आणि तो यावा असंच ते वाक्य होतं. पण तिनं वहीवरून तयार केलेलं एक पान टेबलावर ठेवलं, तेच त्यांनी फेब्रुवारीत वर पाठवलं. एप्रिलमध्ये असिस्टंट मॅनेजरचं पत्र आलं. वाढ मागितली त्याहून कमी, मागच्या महिन्यांचा फरक नाही. ती खूश नव्हती. पण झोप लागत होती.

जूनमध्ये तिचा फोन आला. स्टोअर्सचा माणूस गेला आणि साहेब पुन्हा म्हणाले, "जरा बघून घे." तिनं तिथेच विचारलं, "सर, कधीपर्यंत?" ते म्हणाले, ऑगस्टअखेर. जागेवर येऊन तिनं ती तारीख मेलमध्ये लिहिली, साहेबांना पाठवली आणि मग स्टोअर्सच्या चाव्या घेतल्या.