जादूच्या शिबिराची चित्रकथा काढतोयस, तर आधी हे ठरव
मेळघाटातल्या शिबिरात जादू करणारी पोरं, ही कल्पना मला फार आवडली. आता जादूचे नियम ठरव: ती कोणाला येते, वापरल्यावर त्याची काय किंमत पडते. आपल्याकडे करणी-भानामतीच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली आहे, त्याविरुद्ध २०१३चा कायदा आहे. म्हणून गोष्टीत बुवा, उतारा, अंगात येणं अजिबात नको. जादू मोहाच्या झाडाशी जोड. मोहाची फुलं मार्च-एप्रिलात गळतात, पहाटे वेचतात. पोरांना अंधारात उठायला यापेक्षा चांगलं कारण कोणतं?

आणि संवादाचे फुगे! देवनागरीत वेलांटी वर, उकार खाली जागा खातो. आधी अक्षरं बसव, मग चेहरे काढ. पोरं वऱ्हाडीतच बोलू दे. कोरकू आदिवासी मुलगी असेल तर तिचे संवाद कोरकू बोलणाऱ्याकडून तपासून घे. पहिली चार पानं पेन्सिलीतच दाखव.