शिवणाचे प्रश्न: कात्री नंतर, जाडी आधी

या खेपेला पत्रं वाचताना लक्षात आलं की प्रश्न वेगवेगळे असले तरी अर्ध्याहून जास्त जणींचं दुखणं एकच आहे. पॅटर्न पातळ कागदावर असतो, आपण शिवतो जाड कापड, आणि मग माप कुठं गेलं म्हणून घरभर शोधतो. असो. एकेक घेऊया.

ताई, टोट बॅगच्या पॅटर्नप्रमाणे बाहेरचे दोन तुकडे १४ बाय १६ इंच अगदी पट्टी लावून कापले. मध्ये बॅटिंग (आत भरायचा मऊ, फुगीर थर) घालून उभ्या रेघांचं क्विल्टिंग केलं, म्हणजे थर टिपा मारून एकत्र धरले. आता अस्तर लावायला घेतलं तर रुंदीत अस्तर जवळपास अर्धा इंच मोठं आहे, लांबीत मात्र थोडाच फरक. मी अस्तर परत मोजलं, बरोबर आहे. चुकलं कुठं? – दोनदा उसवलेली

तुमचं माप चुकलं नाही हो, क्रम चुकला. टीप पडली की तिथं बॅटिंग दबतं आणि दोन टिपांच्या मध्ये फुगून राहतं, म्हणजे सपाट असलेलं कापड आता टेकाडं चढत-उतरत जातंय, आणि त्या चढउताराला लागणारं कापड ते रुंदीतूनच घेणार ना, दुसरीकडून कुठून आणणार. तुम्ही रेघा उभ्या मारल्यात म्हणून रुंदी जास्त आटली आणि लांबी फारशी नाही. आडव्या मारल्या असत्या तर उलटं झालं असतं. रेघा जेवढ्या जवळजवळ तेवढं आटणं जास्त, आणि बॅटिंग फुगीर असेल तर आणखी.

त्यामुळे क्विल्टेड बॅगचा तुकडा कधीच आधी नेमका कापायचा नाही. १४ बाय १६ हवाय तर कापड आणि बॅटिंग १६ बाय १८ घ्यायचं, मधल्या रेघेपासून सुरू करून दोन्ही बाजूंना सरकत क्विल्टिंग करायचं, हलकी इस्त्री, आणि मग त्यावर पॅटर्न ठेवून कात्री लावायची. कापल्या कापल्या कडेपासून साधारण ३ मिलिमीटर आत चारी बाजूंनी एक टीप मारून घ्या, नाहीतर कापलेल्या जागी क्विल्टिंगची टोकं सुटायला लागतात आणि बॅटिंग बाहेर डोकावतं. काही पॅटर्नमध्ये हे सगळं सांगितलेलं असतं, पण तिसऱ्या पानावर, आणि आपण कापडाच्या आनंदात पहिल्याच पानावर कात्री काढतो. मीही काढलेली आहे. माझी पहिली क्विल्टेड बॅग बाहेरून बॅग होती आणि आतून चोळामोळा केलेला रुमाल.

आता हातात जे आहे त्याचं काय? उसवू नका. क्विल्ट झालेला तुकडा मोजा, अस्तर त्या मापाचं कापा, आणि अस्तराच्या बाजूच्या टिपा बाहेरच्यापेक्षा ३ मिलिमीटर जास्त आत मारा. आतली वस्तू बाहेरच्यापेक्षा जराशी लहानच असावी लागते, तेव्हा ती तळाशी गोळा होत नाही.

पॅटर्नची फाइल घरी छापली, १८ पानं चिकटवली, पण रेघा जुळत नाहीत. काही पानांवर तर कडेचा भागच उडालाय.

प्रिंटरने तुम्हाला न विचारता ‘फिट टू पेज’ केलंय, म्हणजे पानात मावावं म्हणून माप बदललंय, किंवा फाइल लेटर साइजची आहे आणि कागद ए-फोर. लेटर ए-फोरपेक्षा ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर बुटका असतो, तिथंच घोळ होतो. सेटिंगमध्ये १०० टक्के किंवा ‘ॲक्चुअल साइज’ निवडा, आणि आधी फक्त ते पान छापा ज्यावर मोजायचा चौकोन दिलाय. चौकोन २ इंचांचा लिहिलाय तर पट्टीने २ इंचच भरला पाहिजे, ‘जवळपास’ चालत नाही, कारण ९४ टक्क्यांवर छापलं तर त्या चौकोनात फरक दिसेल न दिसेल पण ४० इंचांचा घेर ३७.६ इंच होऊन बसतो. बॅग असेल तर एकवेळ छोटी बॅग म्हणून खपून जाईल. जॅकेट असेल तर नाही.

जॅकेटवरूनच विचारते. पातळ कापडाचा नेहमीचा पॅटर्न घेतला, तो मला साध्या कापडात छान बसतो, दोनदा शिवलाय. तोच क्विल्टेड कापडात शिवला तर अंगात बरा आहे पण बाह्या इतक्या घट्ट की कोपर वाकत नाही, आणि काखेत गोळा. एक साइज मोठा घेऊ का? – चिलखतवाली

नाव मस्त घेतलंय! साइज मोठा घ्याच, पण त्याने सगळं सुटणार नाही, आणि बाह्याच का घट्ट झाल्या ते समजून घेतलंत तर पुढच्या वेळी पॅटर्न निवडतानाच डोळे उघडे राहतील.

बाहेरचा घेर तेवढाच ठेवून कापडाची जाडी आत गेली की आतला घेर जाडीच्या साधारण सहापट कमी होतो. साधं गोलाचं गणित आहे, शाळेतलं पाय (३.१४). कापड, बॅटिंग, अस्तर मिळून ५ मिलिमीटर जाडी झाली तर ३ सेंटीमीटर गेले. आता गंमत बघा, हे ३ सेंटीमीटर छातीलाही तेवढेच जातात आणि दंडालाही तेवढेच. छातीच्या १०० सेंटीमीटरमधून ३ गेले तर कळतही नाही, दंडाच्या ३५ मधून ३ गेले की कोपर बोंबलतं. म्हणून तुमचं अंग बरं आणि बाह्या चिलखत. (कापड थोडं दबतं त्यामुळे प्रत्यक्षात आकडा जरा कमी भरेल, पण धडा तोच.)

तेव्हा पॅटर्न असा बघा ज्यात खांदा उतरता आहे, मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोलावा) खोल आहे, बाही सरळसोट आहे आणि बाजूची शिवण घालायच्या आधी सपाटच लावता येते. प्लेट नकोत, चुण्या तर मुळीच नकोत, गोलावा देऊन बसवायची बाही म्हणजे जाड कापडात डोक्याला ताप. पाकिटावर किंवा फाइलमध्ये तयार कपड्याचं माप वेगळं दिलेलं असतं, अंगाचं माप नव्हे, ते वाचा आणि त्यातून वरचे ३ सेंटीमीटर वजा करून उरतं ते तुम्हाला पुरतंय का बघा. चाचणीचा नमुना जुन्या चादरीत शिवू नका, जुन्या जाड ब्लँकेटमध्ये शिवा, चादर इथं खोटं बोलते.

बॅटिंगच्या ठिकाणी एखादं पातळ कॉटनचं घ्या, नाहीतर सरळ फ्लॅनेल (मऊ, उबदार कापड) घाला. मला तर अंगात घालायच्या वस्तूला फ्लॅनेलच जास्त आवडतं, अंगावर पडतं, उभं राहत नाही. बाह्यांमध्ये फक्त फ्लॅनेल आणि अंगात बॅटिंग असं केलं तरी बाहेरून कळत नाही.

काखेतला गोळा हा शिवणीचा आहे. कपड्याच्या पॅटर्नमध्ये बहुधा ५/८ इंच म्हणजे साधारण दीड सेंटीमीटर मार्जिन (टिपेच्या बाहेर सोडलेलं कापड) असतं, तेवढ्या पट्टीत दोन्हीकडचं बॅटिंग धरलं तर चार कापडं आणि दोन बॅटिंग एकावर एक बसतात. टीप मारल्यावर मार्जिनमधलं क्विल्टिंग थोडंसं उसवा, दोन्ही कापडं बाजूला करा आणि आतलं बॅटिंग टिपेच्या अगदी जवळून कातरून टाका. कंटाळवाणं काम आहे, कबूल, पण तिथं शिवण उघडून इस्त्री फिरवलीत की हाताला फरक कळतो. उरलेल्या कच्च्या कडा पट्टी लावून बंद करायच्या, आणि गळ्याला, मुंढ्याला ती पट्टी उरेबच, म्हणजे कापडावर तिरकी कापलेलीच हवी. सरळ पट्टी वळणावर उभी राहते.

आणि हो, क्विल्टिंगच्या मार्जिनशी गल्लत करू नका, पॅचवर्कमध्ये पाव इंच असतं, बॅगांमध्ये बरेचदा ३/८ किंवा अर्धा. जॅकेटच्या पाठीला पॅचवर्क असेल तर एकाच पॅटर्नमध्ये दोन मार्जिनं असू शकतात.

बॅगेचा पट्टा लावताना जाड जागेवर मशीन अडतं, टाके एकाच जागी गोळा होतात, मी कापड ओढते आणि सुई तुटते. आत्तापर्यंत तीन.

ओढू नका! ओढलं की सुई वाकते, खालच्या पत्र्यावर आपटते आणि तुटते, एवढंच होतंय.

अडतं का ते एकदा वाकून बघा. मशीनचा पाय, म्हणजे कापड दाबून धरणारा, जाडीवर चढायला लागतो तेव्हा त्याची पुढची चोच वर जाते आणि मागची टाच खाली लोंबते. पाय असा तिरका झाला की कापड पुढे सरकवणाऱ्या खालच्या दातांवर ते नीट दाबलं जात नाही, दात फिरतात पण कापड जागचं हलत नाही, आणि सुई बिचारी त्याच भोकात वरखाली. याला उपाय म्हणजे जीन्सच्या कापडाचा तुकडा. तीन-चार घड्या घाला, जेवढी समोर जाडी तेवढी, आणि सुई कापडात रुतवून पाय उचला, ती घडी टाचेखाली सरकवा, पाय सोडा. पाय आडवा सपाट झाला पाहिजे. आता सुरुवातीचे चार टाके मोटरने नाही, हाताने चाक फिरवून घ्या. उतरताना तीच घडी पुढून चोचेखाली. नुसत्या या चिंधीने माझ्या सुया वाचल्यात, मी ती मशीनच्या पायाशीच चिकटपट्टीने लावून ठेवलीये.

सुई ९०/१४ ची, फारच जाड असेल तर १००/१६, जीन्सची. यातला ९० म्हणजे सुईची जाडी ०.९० मिलिमीटर. टाका ३ ते साडेतीन मिलिमीटर ठेवा, लहान टाका जाड कापडात अडकतो आणि दिसतोही वाईट. बॅगच्या जाड जागेवर आधी फडका ठेवून हातोडीचे दोन-चार फटके दिलेत तर आणखी सोपं. शेजारचे विचारतील काय चाललंय, सांगा शिवण.

तळाला कोपरे देताना चौकोन केवढा कापायचा? मला ४ इंचांचा तळ हवा.

२ इंच. कच्च्या कडेपासून मोजायचा, मार्जिन धरून, आणि सगळ्या टिपांना मार्जिन एकच ठेवायचं. जेवढा चौकोन त्याच्या दुप्पट तळ. फक्त हे ध्यानात ठेवा की तळ देताना बॅगची उंची आणि रुंदीही त्यातूनच जाते, ४ इंचांचा तळ म्हणजे उंचीतून २ आणि रुंदीतून ४ इंच वजा.

इस्त्रीने चिकटणारं फ्लीस (कापडाला जाडी देणारा मऊ थर) लावलं, एका दिवसात बुडबुडे आले.

इस्त्री फिरवलीत ना? फिरवायची नसते, ठेवायची, दाबायची, उचलायची, शेजारी ठेवायची. वर ओलसर फडका, एका जागी साधारण १० ते १५ सेकंद (पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका), आणि पूर्ण थंड होईपर्यंत हलवायचं नाही, गोंद थंड होताना धरतो. दुसरं कारण म्हणजे कापड आधी धुतलेलं नसणं, वाफेने सुती कापड आटतं आणि फ्लीस तेवढं आटत नाही, मग फुगे. आधी कापडावर नुसती वाफ देऊन मग फ्लीस लावलंत तरी बराच फरक पडतो. आलेले बुडबुडे परत दाबून बघा, नाही बसले तर वरून क्विल्टिंग करून टाका, लपतात.

विकत घेतलेल्या पॅटर्नच्या बॅगा शिवून विकल्या तर चालतं का?

प्रत्येक पॅटर्नची अट वेगळी, बहुतेक वेळा पहिल्या नाहीतर शेवटच्या पानावर लिहिलेली असते, वाचा, कळलं नाही तर पॅटर्न बनवणाऱ्यांना विचारा. फाइल मैत्रिणीला फॉरवर्ड करणं मात्र नाहीच.

ताई, हसू नका. चेनवाली बॅग, बाहेरचं आणि अस्तर सगळं शिवून झालं, अस्तराला उलटवायची फटही ठेवली. फटीतून अस्तर उलटलं पण बाहेरची बाजू बाहेर येत नाही. चेन बंद राहिली!

हसले, पण माझंही झालेलं आहे, म्हणून चालतं. अस्तराच्या फटीतून हात घाला, चेनची मागची बाजू हाताला लागेल. रनरची कडी पलीकडे आहे पण रनरचं अंग मागून चिमट्याने धरता येतं, हळूहळू सरकवा. काही रनर कडी उचलल्याशिवाय सरकतच नाहीत, तसा असेल तर मारामारी करू नका, दात निसटतील. बाहेरच्या तुकड्याची तळाची टीप तीन इंच उसवा, बोट घालून रनर उघडा आणि ते तीन इंच परत शिवा. दहा मिनिटांचं काम आहे. पुढच्या वेळी बाजूच्या टिपा मारायच्या आधी चेन अर्धी उघडून ठेवायची, आणि रनर मधोमध आहे ना, कडेच्या टिपेत येत नाही ना, ते चाचपून घ्यायचं. धातूच्या दातांवर सुई पडली तर काय होतं ते वरच्या तीन सुयावाल्या ताई सांगतील.