पहाटेचा ब्लोअर आणि आवारातला पातेरा

प्रश्न : बाई, आम्ही रत्नागिरीत नाचणे गावाच्या बाजूला २२ बिऱ्हाडांच्या सोसायटीत राहतो. आवारात दोन देशी बदाम, एक फणस आणि चार आंबे आहेत. दिवाळीनंतर सोसायटीने पानं उडवणारा पेट्रोलचा ब्लोअर घेतला. आता रोज पहाटे पावणेसहाला माळीदादा तो पाठीवर चढवून सुरू करतात, ते साडेसहापर्यंत. माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. रात्रभर खोकतात आणि पहाटे चारनंतर कुठे त्यांचा डोळा लागतो. समितीकडे गेलो तर म्हणाले, "गाड्या निघायच्या आत आवार साफ व्हायला हवं. आणि तुमचे बाबा एस.टी.त ड्रायव्हर होते, रातराणी चालवायचे. त्यांना इंजिनाचा आवाज काय नवा?" पोलिसांत तक्रार करू का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या वडिलांना उद्देशून जे बोललं गेलं ते मला फार लागलं, म्हणून आधी तेच. रातराणी चालवणारा माणूस जागा असतो, २२ बिऱ्हाडांनी हे विसरू नये. शिवाय बसचं इंजिन सपाट रस्त्यावर एका लयीत घुमतं, ब्लोअरचं तसं नसतं. माळी कळ दाबतो, सोडतो, पुन्हा दाबतो, आवाज सारखा चढतो आणि पडतो. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते, अशा चढ-उतारांची होत नाही. माणूस पुरता जागा झाला नाही तरी झोप आतून तुटत राहते. त्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची थोडी उबदार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर पोचतो. ध्वनीचा धडा मी ३१ वर्षं शिकवला, पण त्याचा अर्थ मला नीट कळला तो आमच्या शेजारच्या आवारात असंच यंत्र आलं तेव्हा.

आता कायदा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. त्यांत रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. म्हणजे पावणेसहा ते सहा ही १५ मिनिटं सरळसरळ रात्रीत मोडतात. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असेल तर तक्रार करता येते, आणि ती पोलीस उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचे अधिकारी हाताळू शकतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे आकडे ठरावीक वेळेच्या सरासरीचे आहेत, मोबाईलच्या अ‍ॅपवर क्षणभर दिसलेला मोठा आकडा म्हणजे पुरावा नव्हे. दुसरं, बांधकामाच्या आवाज करणाऱ्या यंत्रांना निवासी भागात रात्री थेट मनाई आहे, तशी ब्लोअरला नाव घेऊन नाही. उद्या समितीने वेळ सहा वाजून पाच मिनिटं केली की तुमचं निम्मं बळ गेलं, बाबांची झोप मात्र तशीच मोडेल. म्हणून पोलिसांकडे जाण्याआधी सोसायटीच्या बैठकीत जा. माळीदादांना मात्र एका शब्दानेही दुखवू नका. यंत्र त्यांनी मागितलं नव्हतं, आणि सगळ्यांत जास्त आवाज त्यांच्याच कानात जातो. पाठीवरच्या पेट्रोल ब्लोअरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी सहज ९० डेसिबलच्या पुढे असतो. त्यांना कानावर लावायचं काही दिलंय का, हे बैठकीत पहिल्यांदा विचारा.

मग खोकल्याचं बोला. अशी बरीच यंत्रं टू-स्ट्रोक असतात. पेट्रोलमध्ये तेल मिसळून जळतं आणि त्यातलं काही न जळताच धुरातून बाहेर पडतं. वारा तर पानांबरोबर जमिनीवरची बारीक धूळही उडवतो. तुमच्या बाबांच्या खिडकीखाली हे रोज पाऊण तास चाललंय. डॉक्टरांकडून एक चिठ्ठी घ्या, बैठकीत तिला वजन येतं.

आणि समितीला एक प्रश्न नक्की करा : जून ते सप्टेंबर काय करणार? भिजलेलं पान जमिनीला चिकटतं, ब्लोअरने ते धड हलत नाही. आपल्याकडे चार महिने आवार हिराच्या खराट्यानेच झाडावं लागतं. मग उरलेले आठ महिने तो का चालू नये? आमच्या १८ बिऱ्हाडांच्या आवारात हेच झालं. झाडणाऱ्या मावशींना सकाळी साडेसातची वेळ दिली, आधी गाड्यांची वाट आणि जिना, मग बाकीचं, असा क्रम ठरवला. पन्नास मिनिटांत काम होतं. त्यांचा पगार थोडा वाढवला, तो पेट्रोल आणि दुरुस्तीच्या पैशांतूनच निघाला. यंत्रच हवं असेल तर बॅटरीचं घ्या, त्याचा आवाज कमी असतो आणि धूर नसतो, पण तेही आठच्या आधी नको.

खरं तर मला याहून वेगळंच सांगायचंय. झाडाखालचं प्रत्येक पान उचलायलाच हवं, हे आपल्याला कुणी शिकवलं? माझ्या आईच्या वेळी पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, शोधत फिरावं लागे. पावसाआधी तरवा, म्हणजे भाताच्या रोपांची जागा, भाजायला तो लागायचा, गोठ्यात गुरांखाली पसरायला लागायचा. पहिली टोपली कोण भरून आणतं यावरून बायकांत रुसवे व्हायचे. आज तोच पातेरा आपण पेट्रोल जाळून कोपऱ्यात ढकलतो, मग पिशव्यांत भरून कचरागाडीत देतो, आणि मे महिन्यात त्याच आंब्यांच्या बुंध्याशी नळाचं पाणी ओततो. वाटेवरची पानं जरूर झाडा, नाहीतर म्हातारी माणसं घसरतील. कलमांच्या बुंध्याभोवतीची मात्र राहू द्या, ओल टिकते. बदामाची पानं मोठी आणि चिवट, ती मागच्या बाजूला खड्डा करून त्यात टाका, वर थोडं शेण-माती. जाळू मात्र नका, बाबांच्या छातीला तो धूर आणखी वाईट. एवढं केलंत तर झाडण्याची जागाच निम्मी होते.

लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तीन मागण्या पुरेत : आठच्या आधी यंत्र नको, वाटेपुरतंच झाडणं, माळीदादांना कानाचं संरक्षण. महिनाभरात काही झालं नाही तर पोलिसांकडे जा, तेव्हा हा अर्ज कामाला येईल.

तोवर बाबांची कॉट आवाराच्या उलट्या बाजूच्या खोलीत हलवा. आवाज आणि त्यांचं अंथरूण यांच्यामध्ये एक बंद दार आलं तरी फरक पडतो. कापसाचे बोळे कानात घालू नका, रात्री त्यांना हाक ऐकू यायला हवी. बैठकीत काय ठरलं ते मला कळवा, मी वाट पाहते.