मान्यता दिली, पुढे काय?

प्रश्न: ब्रिटन, फ्रान्सने पॅलेस्टाईनला देश म्हणून मान्यता दिली, मग गाझातल्या लोकांना फरक काय पडला? आमच्या मिसळीच्या टेबलावर रोज यावरून वाजतं.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: वाजणारच हो, तर्रीपेक्षा तिखट विषय आहे! २१ सप्टेंबर २०२५ ला ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाने मान्यता दिली, दुसऱ्या दिवशी फ्रान्सने, आपण तर १९८८ लाच देऊन बसलोय, पण मान्यतेच्या कागदाने पिठाचा ट्रक आत जात नाही ना. ७ ऑक्टोबर २०२३ ला गाझातल्या हमास या सशस्त्र संघटनेने इस्रायलमध्ये साधारण १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, ते भयंकरच होतं, त्यात दुमत नाही. पण नंतर इस्रायलच्या हल्ल्यांत गाझात बायका-पोरं हजारोंनी मेली तरी या पाश्चिमात्य देशांचं आपलं ‘तीव्र चिंता’ चालू. ब्रिटनचंच बघा, सप्टेंबर २०२४ मध्ये इस्रायलला शस्त्रं विकायची साडेतीनशेपैकी तीसेक लायसन्स थांबवली आणि एफ-३५ लढाऊ विमानांचे बहुतेक पार्ट मात्र त्यातून वगळले, म्हणजे नळ बंद केला पण मेन व्हॉल्व्ह चालूच! अमेरिकेने तर सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावांवर परत परत व्हेटो मारला. त्यातल्या त्यात आयर्लंड, स्पेन, नॉर्वे बरे, त्यांनी मे २०२४ लाच मान्यता दिली होती.