नव्याण्णव टक्के जिंकलेला डाव हातून जातो कसा?

प्रश्न : मी बुद्धिबळाचे सामने नेमाने पाहते. अलीकडे जपानमधील शोगी या बुद्धिबळासारख्या खेळाच्या, ऑक्टोबर 2023 मधील एका किताबी लढतीचे चित्रण पाहण्यात आले. ताकुया नागासे यांच्या विजयाची शक्यता पडद्यावर 99 टक्के दिसत होती आणि काही मिनिटांतच ते सोता फुजिई यांच्याकडून हरले. यंत्राचा अंदाज चुकला, नागासे चुकले, की फुजिई यांचे नशीब फळफळले? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण पाहिलेला डाव 11 ऑक्टोबर 2023 रोजी क्योतो येथे झाला. 'ओझा' या किताबासाठीच्या 71व्या लढतीतील तो चौथा डाव होता. व्यावसायिक शोगीत आठ मोठे किताब आहेत. त्यांपैकी सात 21 वर्षांच्या फुजिई यांच्याकडे आधीच होते आणि या लढतीत ते 2-1 असे पुढे होते. नागासे यांच्याकडे हा किताब सलग चार वर्षे होता आणि पाचव्यांदा तो राखला असता तर त्यांना 'मानद ओझा' ही कायमची पदवी मिळाली असती. त्यातच हे दोघे अनेक वर्षे एकमेकांचे सरावाचे जोडीदार असल्याने समोरच्याची खेळण्याची रीत दोघांनाही तोंडपाठ होती.

प्रत्येकाला विचारासाठी पाच तास असतात. ते संपले की पुढची प्रत्येक चाल एका मिनिटात करावी लागते आणि शेजारी बसलेला नोंदणीदार सेकंद मोठ्याने मोजत असतो. नागासे या अवस्थेत खेळत असताना 122व्या चालीला फुजिई यांनी आपले रजत हे मोहरे पटाच्या अगदी मध्यावर, पाचव्या स्तंभातील पाचव्या घरात आणले. आता मुद्द्याच्या जागेकडे येऊ. शोगीत स्तंभ उजवीकडून आणि ओळी वरून मोजतात. फुजिई यांचा राजा तिसऱ्या स्तंभात, पहिल्या ओळीत होता. नागासे यांच्यापुढे शह देण्याच्या दोन वाटा होत्या : बढती मिळालेला उंट पाचव्या स्तंभाच्या तिसऱ्या घरात नेणे, किंवा हातातले, म्हणजे आधी मारून जवळ ठेवलेले, सुवर्ण हे मोहरे चौथ्या स्तंभाच्या दुसऱ्या घरात, राजाला अगदी खेटून ठेवणे. (जाता जाता, बढती मिळालेल्या उंटाला जपानीत 'उमा', म्हणजे घोडा म्हणतात. बुद्धिबळ खेळणाऱ्या मराठी माणसाचा गोंधळ उडावा असेच हे नाव आहे.) सुवर्ण ठेवले असते तर डाव नागासे यांचा होता. त्यांनी घोडा हलवला. राजा तिरका सरकून दुसऱ्या स्तंभाच्या दुसऱ्या घरात गेला आणि त्याच क्षणी नागासे यांना काय झाले ते उमगले. त्यांनी दोन्ही हातांनी केस विस्कटले, हे आपण चित्रणात पाहिलेच असेल. 138व्या चालीनंतर त्यांनी हार मान्य केली आणि आठही किताब एकाच वेळी बाळगणारे फुजिई हे पहिले खेळाडू ठरले.

तेव्हा आपल्या प्रश्नापुरते सांगायचे, तर यंत्र चुकले नव्हते. तो आकडा 'येथून पुढची प्रत्येक चाल अचूक झाली तर' या अटीवर उभा असतो आणि ती अचूक चाल माणसाला सापडणे किती अवघड आहे, हे तो सांगत नाही. दहा सुरक्षित वाटा असलेली स्थिती आणि दरीवरच्या एकाच दोरीवरून जाणारी स्थिती, दोन्ही पडद्यावर 99 टक्केच दिसू शकतात. नशिबाची भाषा मला मात्र पटत नाही. हरत आलेल्या डावात समोरच्याला सोपी वाट मिळू न देणे हे शोगीत स्वतंत्र कसब मानले जाते आणि फुजिई यांचा हात त्यात बसलेला आहे. मात करण्याची कोडी सोडवण्याची जी राष्ट्रीय स्पर्धा जपानमध्ये होते, ती त्यांनी 2015 मध्ये, सहावीत असताना, व्यावसायिकांना मागे टाकून जिंकली होती. ज्याला मात करण्याची वाट इतक्या झटपट दिसते, त्याच्यासमोर एका मिनिटात चाल शोधताना छाती दडपणारच.

प्रश्न : बुद्धिबळात मोहरी कमी होत जातात आणि शेवट सोपा नसला तरी मोकळा होतो. शोगीत शेवटच अधिक धोक्याचा का? (एक विद्यार्थी, पणजी)

उत्तर : कारण शोगीत मोहरे मरत नाही, बाजू बदलते. नऊ बाय नऊच्या पटावर दोघांची मिळून चाळीस मोहरी असतात आणि डाव संपेपर्यंत ती चाळीसच राहतात. सगळी एकाच रंगाची, पाचरीच्या आकाराची असतात आणि टोक ज्याच्याकडे रोखलेले, त्याच्या प्रतिस्पर्ध्याची ती. मारलेले मोहरे हातात ठेवायचे आणि आपली पाळी आली की चाल करण्याऐवजी ते रिकाम्या घरात उतरवायचे. काही बंधने आहेत : एकाच स्तंभात आपली बढती न मिळालेली दोन प्यादी चालत नाहीत आणि हातातले प्यादे ठेवून थेट मात करता येत नाही. वरच्या डावात नागासे यांचे सुवर्ण असेच हातातून पटावर यायचे होते.

याचा परिणाम असा की मोहऱ्यांची मारामारी जितकी वाढते, तितकी दोघांच्या हातातील शस्त्रे वाढतात. शेवटी प्रश्न मोहऱ्यांच्या बेरजेचा उरत नाही, कोणाची मात एक चाल आधी पोहोचते याचा उरतो. एक चाल वाया गेली की सारे उलटते आणि टक्केवारीचा पट्टा क्षणात दुसऱ्या टोकाला जातो तो यामुळेच.

प्रश्न : फुजिई यांच्याकडे आठही किताब अजून आहेत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाहीत. आठ किताबांची ती अवस्था सुमारे आठ महिने टिकली. 20 जून 2024 रोजी ताकुमी इतो यांनी 'एइओ' हा किताब पाच डावांच्या लढतीत 3-2 असा त्यांच्याकडून घेतला. फुजिई यांच्याप्रमाणे इतो यांचा जन्मही 2002 मधलाच. तिसरीत असताना मुलांच्या एका स्पर्धेत इतो यांनीच फुजिई यांना हरवले होते आणि त्या दिवशी छोटा सोता ढसाढसा रडला होता.