बंदुकीवर फोम चिकटवू का?

प्रश्न : दादा नमस्कार, मी डॅलसला असतो, इथे वीकेंडला मित्रांबरोबर एअरसॉफ्ट (प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या खेळातल्या बंदुकांचा लुटुपुटूच्या लढाईचा खेळ) खेळतो. माझी इलेक्ट्रिक रायफल एकदम साधी काळी आहे, तिला सायन्स फिक्शन सिनेमातल्या बंदुकीसारखं करायचंय. जिमच्या मॅटचा फोम आणून ठेवलाय. हॉट ग्लूने थेट बंदुकीवर चिकटवला तर चालेल का? आणि फोमवर रंग टिकत नाही म्हणतात ते खरं का?

उत्तर : नाही रे, थेट चिकटवू नकोस! माझ्या बंदुकीवरचं पहिलं फोमचं कवच मी असंच चिकटवलं होतं, दिसायला झकास झालं, पण एकदा खेळून घरी आलो तर आतली लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी फुगलेली आणि ती बाहेर काढायला रात्री बारा वाजता कटरने तीन आठवड्यांची मेहनत फाडत बसलो. तेव्हापासून माझं एकच म्हणणं, कवच शेंगेसारखं दोन भागात उघडलं पाहिजे.

कल्पना तुझी चांगलीच आहे, आणि जुनीही. १९८६ च्या 'एलियन्स' सिनेमातली ती पल्स रायफल म्हणजे आत खरी थॉमसन सबमशीन गन आणि खाली शॉटगन, वरून नुसतं कवच चढवलेलं.

आधी बंदूक हातात घे आणि खेळताना बोट कुठे कुठे जातं ते बघ. मॅगझिन काढायचं बटण, सेफ्टी, हॉप-अपचं चाक (छर्ऱ्याला मिळणारी उलटी फिरकी कमीजास्त करणारं), बॅटरीचं झाकण, एवढ्या जागा मोकळ्या हव्यातच. मूठ तर उघडीच ठेव, मोटर तिथेच असते आणि ती तापते. मग बंदुकीला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळ, त्यावर मास्किंग टेप, टेपवर मार्करने कवचाच्या रेषा काढ आणि टेप कापून सपाट कर, झाला तुझा कागदी साचा, शिंपी कापड बेततो तसा. मधला थर १० मिलिमीटरचा घे आणि त्यात बंदुकीच्या आकाराची खाच काप म्हणजे ती आत घट्ट बसते, बाहेरच्या पट्ट्यांना ५-६ मिलिमीटर पुरे. दोन्ही भाग छोट्या निओडायमियम मॅग्नेटने जोड आणि वरून वेल्क्रोचा पट्टा, कारण पळताना नुसतं मॅग्नेट सुटतं.

हॉट ग्लू नको, उन्हात गाडीत राहिला की सांधे सुटतात. कॉन्टॅक्ट सिमेंट घे (आपल्याकडे फेव्हिकॉल एसआर मिळतं तसलं), दोन्ही बाजूंना पातळ लाव, दहा मिनिटं थांब, बोटाला चिकटेनासं झालं की मगच जोड, आणि जोडताना नीट बघ कारण एकदा टेकलं की हलत नाही. खिडकी उघडी ठेव, वास डोक्यात जातो.

ब्लेडच्या बाबतीत कंजूषी करू नकोस, फोमने धार फार लवकर जाते आणि बोथट ब्लेडने कड कुरतडल्यासारखी होते. आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. पॅनलच्या रेषा हव्यात तिथे अर्ध्या खोलीपर्यंत चीर दे आणि हीट गन फिरव, ती चीर डोळ्यांसमोर हळूहळू उघडते आणि पत्र्याच्या जोडासारखी खाच तयार होते, दर वेळी मला तेवढाच आनंद होतो! हे करताना बंदूक आणि बॅटरी दुसऱ्या खोलीत ठेव.

रंगाचं म्हणशील तर फोम रंग पितो, म्हणून टिकत नाही. हीट गनने पृष्ठभाग किंचित चमकेपर्यंत तापव, त्याने छिद्रं मिटतात, मग प्लास्टी डिपचे (रबरासारखा थर देणारा रंग) तीन-चार हात दे, आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर चंदेरी रंग घास, रंग उडून आतला धातू दिसतोय असं वाटतं.

प्रश्न : आणि नळीचं केशरी टोक झाकलं तर चालेल का? लूक बिघडतो त्याने.

उत्तर : झाकू नकोस आणि रंगवूही नकोस. दुरून बघणाऱ्याला, पोलिसाला सुद्धा, ही खेळातली आहे हे त्या केशरी रंगावरूनच कळतं. कवच टोकाच्या दोन इंच अलीकडेच संपव, शिवाय नळीसमोर फोमची कड आली तर बीबी (छर्रा) तिला घासून भलतीकडेच जाते. कवचामुळे बंदूक जाड होते आणि मूळची साईट (नेम धरायची खूण) झाकली जाते, तेव्हा वर रेड डॉटसाठी (लाल ठिपका दाखवणारी नेमाची दुर्बीण) उंच रेल म्हणजे ती बसवायची पट्टी लावायला जागा सोड आणि फुल फेस मास्क घालून गाल टेकतोय का ते फोम कापायच्या आधीच बघ. मैदानापर्यंत नेताना बॅटरी काढून, बंद बॅगेतूनच ने.