'हो' म्हणता येतं, मग 'नाही' का नाही?

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये नर्सिंग शिकतेय. तिच्या वर्गात चर्चा झाली की यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या पंधरा वर्षांच्या मुलाने धर्मात बसत नाही म्हणून रक्त घ्यायला नकार दिला, तरी कोर्ट ते द्यायला लावू शकतं. पण तिकडे तर सोळाच्या आतलं मूलही उपचाराला स्वतः संमती देऊ शकतं म्हणे. मग नकार का चालत नाही? आणि आपल्याकडे असं झालं तर?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, लेकीने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. १९८५ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सगळ्यात वरचं कोर्ट) गिलिक केसमध्ये ३ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की उपचार काय, परिणाम काय हे नीट कळत असेल तर सोळाच्या आतलं मूलही संमती देऊ शकतं. वाद गर्भनिरोधकांचा होता, पण तत्त्व सगळ्या उपचारांना लागू झालं. मग १९९१ आणि १९९२ मध्ये तिथल्याच अपील कोर्टाने म्हटलं, मुलाची संमती डॉक्टरला पुरते, पण मुलाचा नकार हा शेवटचा शब्द नाही, कोर्ट तो बाजूला ठेवू शकतं. कागदावर हे विचित्र दिसतं खरं, पण मला ते पटतं, कारण चुकून दिलेलं 'हो' बऱ्याचदा निस्तरता येतं, 'नाही' चुकलं तर मूलच हातचं जातं.

पण मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. इंग्लंडमधलीच १९९० ची केस बघा. याच पंथातला मुलगा, सोळाला काही महिने कमी, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेला. केमोने बोनमॅरोचं, म्हणजे हाडातल्या रक्त तयार करणाऱ्या मगजाचं, काम दबतं, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट घसरतात, म्हणून रक्त चढवावं लागतं, आणि 'रक्तापासून दूर राहा' या बायबलमधल्या आज्ञेमुळे हा पंथ तांबड्या पेशी, प्लेटलेट, प्लाझ्मा यातलं काहीच घेत नाही (अल्ब्युमिनसारखे रक्तातून वेगळे काढलेले घटक घ्यायचे का हे ज्याचं त्याने ठरवायचं). वॉर्ड नावाचे जज स्वतः हॉस्पिटलमध्ये जाऊन त्याला भेटले. पोरगा हुशार आहे, आपण मरू हे त्याला कळतं, हे त्यांनी मान्य केलं. पण ते मरण कसं येईल, श्वास कसा कोंडेल, आईवडिलांचे हाल कसे बघावे लागतील याची त्याला पुरती जाण नाही, म्हणून नकार धरायचा नाही असं ठरवलं. आणि हे सगळं त्याच्याशी खोलात जाऊन बोलणं मात्र त्यांना योग्य वाटलं नाही! अहो, जे त्याच्यासमोर कुणी नीट मांडलंच नाही ते त्याला माहीत नाही म्हणून त्याचा शब्द मोडायचा, हे कसं चालेल? रक्त द्यायला लावलं ते बरोबरच केलं, पण कारण हे द्यायला नको होतं. पुढे अठरा पूर्ण झाल्यावर त्याने परत नकार दिला, तेव्हा कायद्याने कुणी अडवू शकत नव्हतं, आणि तो गेला.

त्यापेक्षा कॅनडातली २००९ ची केस मला जास्त प्रामाणिक वाटते. मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगची याच पंथातली मुलगी, पंधराला दोन महिने कमी, क्रोन्स डिसीज या आतड्याच्या आजारामुळे आतून रक्तस्राव, आणि रक्त घ्यायला नकार. तीन सायकियाट्रिस्टनी तपासून सांगितलं की तिला सगळं कळतंय. जजनेही तिला समज आहे असं धरूनच ऑर्डर दिली, कारण मॅनिटोबाच्या कायद्यात सोळाच्या आत मुलाचं हित बघून कोर्ट ठरवतं. रक्त दिलं, ती बरी झाली आणि तरीही सुप्रीम कोर्टापर्यंत लढली. कोर्टाने ६ विरुद्ध १ ने कायदा टिकवला, पण बजावलं की मूल जितकं समजदार तितकं त्याच्या मताला वजन द्यायचं आणि समज खरोखर तपासायची. विरोधात गेलेले जज बिनी म्हणाले, समज सिद्ध झाली की तिचं ऐकायलाच हवं. तिथपर्यंत मी जाणार नाही.

आपल्याकडे अठराच्या आत डॉक्टर पालकांचीच सही घेतात. बाराच्या आतल्या मुलाची संमती फौजदारी कायदा धरतच नाही, पण बारा ते अठरामधल्या मुलाच्या नकाराचं काय हे सरळ कुठे लिहिलेलं नाही. जीव वाचवायला तातडीने करावं लागलं तर संमतीवाचून करता येतं हे सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये म्हटलंय, आणि वेळ असेल तर हायकोर्ट मुलाचं पालकत्व घेऊन ठरवू शकतं. याच पंथाच्या केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत म्हणत नाहीत म्हणून शाळेतून काढलं होतं, उभी राहत होती तरी, आणि १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. पण तिथे कुणाचा जीव जात नव्हता, त्यामुळे रक्ताच्या बाबतीत तसाच निकाल येईल असं धरून चालू नका.

लेकीला सांगा, असा पेशंट वॉर्डात आला तर हिमोग्लोबिन तळाला जायची वाट न बघता पहिल्याच दिवशी सीनियरना कळवायचं, आणि मुलाशी आईवडील व पंथातले वडीलधारे नसताना एकट्याने बोलायची वेळ मागून घ्यायची. तिकडे हायकोर्टाचा ड्युटी जज रात्रीअपरात्रीही फोनवर मिळतो.